बाहेर चौदा, आत अकरा

ऑक्टोबरच्या शेवटच्या गुरुवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी ओतीलिया बहिणीच्या घरातली मोठी गादी जिन्यावरून खाली ओढत होती. गादी दोघांची, ओतीलिया एकटी आणि वय एकसष्ट. जिन्याच्या वळणावर गादी अडकली तेव्हा तिने ती गुडघ्याने रेटली, अंगणात आणली आणि लिंबाच्या झाडाला टेकवून उन्हात उभी केली. वारा पूर्वेचा होता, म्हणजे स्पेनकडचा. पोर्तुगालात म्हण आहे की स्पेनकडून ना वारा चांगला येतो, ना सोयरीक. पण बंद घर उघडायचं तर हाच वारा हवा, कारण तो कोरडा असतो. समुद्राकडचा वारा खिडकीतून आत येतो आणि जाताना आपलं पाणी भिंतीत ठेवून जातो.

सांतो आमारो गावात अशी बंद घरं बरीच आहेत. मालक फ्रान्समध्ये, कुणी लक्झेंबर्गमध्ये, कुणी गवंडी, कुणी घरकामाला. घरं दुमजली, दर्शनी भिंतीला टाइल्स, फाटकावर सिमेंटचे सिंह. ऑगस्टात ती उघडतात, महिनाभर गजबजतात आणि पुन्हा मिटतात. उरलेले महिने त्यांच्या किल्ल्या ओतीलियाच्या स्वयंपाकघरात, दारामागच्या खिळ्यांवर लटकतात. कोरड्या दिवशी खिडक्या उघडायच्या, ऊन ढळायच्या आत लावायच्या. कपाटात ओल शोषायला कळीच्या चुन्याच्या वाट्या ठेवायच्या. वसंत लागला की भिंतींवर चढलेली काळी बुरशी ब्लीचने घासून काढायची आणि वरून रंगाचा हात फिरवायचा. ऑगस्टात मालक दार उघडतात तेव्हा घरात साबणाचा वास असतो आणि भिंती पांढऱ्याशुभ्र. हिवाळा इथे येऊन गेला याची खूणही राहू द्यायची नाही, हे तिचं काम, आणि त्यात ती चोख होती.

बाकीची घरं नुसती कामाची होती. रस्त्यापलीकडचं हे घर लुसिंदाचं, थोरल्या बहिणीचं.

लुसिंदा एकोणिसाव्या वर्षी फ्रान्सला गेली. क्लेरमाँ शहरात एका शाळेच्या स्वयंपाकघरात भांडी घासायला लागली आणि पुढे त्याच स्वयंपाकघराची मुख्य झाली. तिचा नवरा अर्नाल्दो गवंडी होता. फ्रान्सातल्या लोकांची घरं बांधून झाल्यावर त्याने इथे स्वतःचं बांधलं. पाया घालताना गावातल्या ठेकेदाराने विचारलं होतं, घर ऊबदार राहायला गरम पाण्याचे नळ भिंतीतून फिरवायचे का, निदान एक शेगडी तरी? अर्नाल्दो हसला होता. “अरे, आम्ही थंडीला कंटाळून इथे येणार, आणि तू आम्हाला शेगडी विकतोस?” दिवाणखान्यात त्याने शेकोटीचा कोनाडा तेवढा करून घेतला, गुलाबी संगमरवराचा. त्याला वर धुराडं नाही. कोनाड्यात एक चिनी मातीचा कोंबडा बसलेला असतो.

निवृत्त झालो की यायचं, असं ठरलेलं होतं. अर्नाल्दो निवृत्त झाला त्याच वर्षी गेला. लुसिंदा या उन्हाळ्यात मोकळी झाली. सप्टेंबरातल्या एका रविवारी ती फोनवर म्हणाली, “संत मार्टिनच्या दिवसाला येते. परतीचं तिकीट काढत नाहीये.”

ओतीलियाने उत्तर दिलं, “बरं.” फोन ठेवल्यावर ती बराच वेळ चुलीवरचं भांडं पुसत होती. ते स्वच्छच होतं.

दोघी बहिणी दर रविवारी बोलत. एकमेकींची आठवण येते असं त्या घरात कुणी कधी म्हटलं नाही. आई म्हणत नसे, मुलीही म्हणत नसत. त्याऐवजी लुसिंदा पहिला प्रश्न विचारायची, “किती आहे तिकडे?” तिनेच एका ऑगस्टात तापमापक आणला होता, क्लेरमाँच्या ज्वालामुखीचं चित्र असलेला. ओतीलियाने तो स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर ठोकला. “चौदा,” ती खिडकीतून वाकून सांगायची, “कपडे बाहेर वाळतायत.” “आमच्याकडे उणे चार,” लुसिंदा म्हणायची, “दोन पायमोजे घातलेत.” मग जरा थांबून, “चौदा! देवाचा देश आहे गं.” जानेवारीत लिंबं लगडलेली असतात, अंगणात कॅमेलिया फुललेला असतो, कोबी वाढतच असतो, बर्फ कुणी बघितलेला नसतो. ओतीलिया यातलं एकही खोटं सांगत नव्हती. आत किती आहे हे मात्र कधी कुणी विचारलं नव्हतं.

आतली थंडी तिला ठाऊक होती. म्हणून तो सगळा ऑक्टोबर ती लुसिंदाच्याच घरात राबली. गाद्या, उशा, गालिचे उन्हात. निजण्याच्या खोलीची उत्तरेची भिंत दोनदा धुतली, तिच्यावर रंगाचे दोन हात दिले आणि कपाट त्या भिंतीला घट्ट सरकवून लावलं. शेवटचे दहा दिवस ती रात्री तिथेच झोपली, कारण रिकाम्या घराच्या भिंती माणसाच्या वावरण्याने कोरड्या पडतात, असं आई म्हणायची.

बेंतो टॅक्सीवाला तिला सकाळी तिथून बाहेर पडताना बघायचा. “काय ओतीलियाबाई, बंगल्यात राहायला गेलात? आम्हा गरिबांना ओळख देणार की नाही आता?”

“तुला आत्ता तरी कोण ओळख देतं?”

“बहीण कायमची येतेय म्हणे.”

“येतेय.”

“हिवाळ्यात?” बेंतोने भुवया उंचावल्या. “त्या संगमरवराच्या देवळात?”

“तू गाडी चालव.”

लुसिंदा आठ नोव्हेंबरला आली. बेंतोनेच तिला स्टेशनवरून आणलं. तीन मोठ्या बॅगा, शिवाय अर्नाल्दोचा लोकरी कोट हातावर घडी करून. कोट कशाला, असं ओतीलियाने विचारलं नाही.

संत मार्टिनचा उन्हाळा त्या वर्षी नेमका वेळेवर आला. दर वर्षी येतोच असं नाही. पण नोव्हेंबरात, पहिल्या पावसानंतर, चार-पाच दिवस हवा अशी फिरते की माणसं बाह्या वर सारतात. अकरा तारखेला, संत मार्टिनच्या दिवशी, तापमापकात बावीस होते. अंगणात पाइनच्या वाळक्या पानांचा जाळ करून चेस्टनट भाजले. गावाने नवी वाइन उघडली. लुसिंदा अनवाणी गवतात उभी राहिली आणि फोनवर मुलाला दाखवू लागली. “बघ! पाय बघ माझे! नोव्हेंबर आहे, आणि तू तिकडे काचेवरचा बर्फ खरवडतोयस!”

“मावशीला दाखव,” पलीकडून मुलगा म्हणाला.

ओतीलियाने काळे झालेले हात ॲप्रनला पुसले आणि फोनकडे बघून मान हलवली.

“ही बघ, हिला काही कौतुकच नाही,” लुसिंदा म्हणाली. “जन्मभर उन्हात बसलीय, हिला काय कळणार उन्हाचं!”

“आई तिकडेच राहणार आहे का, मावशी?” मुलाने विचारलं.

ओतीलियाने बहिणीकडे बघितलं. लुसिंदा चेस्टनट सोलत होती. बोटं भाजत होती, तरी सोलत होती. “तिला विचार,” ओतीलिया म्हणाली.

“राहणार म्हणजे काय, आहेच!” लुसिंदा तोंडात घास घेऊनच बोलली.

ते चार दिवस दोघी अंगणातच होत्या. मक्याची भाकरी, सूप, सगळं बाहेर. आईच्या जुन्या भांडणांची उजळणी झाली. कोण कुणाच्या मागे कपडे धुवायच्या टाकीपर्यंत रडत गेलं होतं यावर एकमत झालं नाही. लुसिंदा म्हणाली, पुढच्या वसंतात फाटक रंगवायचं, सिंहांनाही मान द्यायचा, म्हणजे तुटलेल्या शेपट्या नव्या बसवायच्या. ओतीलियाने कोबीची रोपं दुप्पट लावली.

सोळा तारखेच्या संध्याकाळी समुद्राचा आवाज दक्षिणेकडून यायला लागला. इथे हवामानाच्या बातम्या सगळे बघतात, पण विश्वास या आवाजावर ठेवतात. तो दक्षिणेला सरकला म्हणजे पाऊस. पाऊस आला, आणि महिनाभर फारसा थांबलाच नाही.

तो जोराचा नव्हता. थंडीही तशी नव्हती. बाहेर तेरा, चौदा, कधी पंधरा. गावातली माणसं स्वेटर घालून फिरत होती. पण लुसिंदाच्या घरात संगमरवराची फरशी पायातून वर चढायला लागली. उशा दमट. साखर गोळा झाली. काचांवरून आतल्या बाजूने पाणी ओघळायचं आणि चौकटीत साठायचं. लुसिंदाने विजेचा हीटर आणला. त्याच्यासमोर बसलं की पोटऱ्या भाजायच्या आणि पाठ गारठायची. दुसरा आणला तर घरभरची वीज गेली.

एका दुपारी ती रस्त्यात येऊन उभी राहिली. “ओतीलिया! अगं, बाहेर जास्त ऊब आहे!”

“असतेच,” ओतीलिया म्हणाली.

“असतेच म्हणजे?”

समोर बेंतो टॅक्सी उन्हाच्या तिरिपेत लावून, काचा वर करून, आत पेपर वाचत बसला होता. गावातली अर्धी म्हातारी माणसं हिवाळ्यात दुपारी अशीच गाडीत बसतात, समुद्राकडे तोंड करून. लुसिंदाने काचेवर टकटक केलं. “बेंतो, तू घरी का नाही बसत?”

त्याने काच बोटभर खाली केली. “घरी? घरी थंडी वाजते, बाई.”

“मग तुम्ही लोक करता काय?”

“घरात शिरलं की कोट घालतो,” बेंतो म्हणाला, “बाहेर पडलं की काढतो. या, बसा मागच्या सीटवर. मीटर टाकत नाही.”

तिला हसू आलं नाही. क्लेरमाँत नाताळच्या दिवशी ती घरात बिनबाह्यांचा झगा घालून वावरत असे.

डाग दिसला तो डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. अर्नाल्दोचा कोट काढायला तिने कपाट उघडलं तर कोटाच्या खांद्यावर हिरवट भुकटी. तिने कपाट पुढे ओढलं. मागे, उत्तरेच्या भिंतीवर, ओतीलियाच्या दोन हातांच्या रंगातून काळा ठिपक्यांचा डाग वर आला होता, मजल्यापासून जवळजवळ तिच्या छातीपर्यंत.

ओतीलिया अंडी घेऊन आली तेव्हा लुसिंदा कोट मांडीवर घेऊन पलंगावर बसलेली होती.

“हे कधीपासून आहे?”

ओतीलियाने अंडी खिडकीत ठेवली. “दर वर्षी येतं.”

“दर वर्षी?”

“घर बांधलं तेव्हापासून. मी वसंतात काढते.”

“आणि मला एकदाही सांगितलं नाहीस?”

“तू विचारायचीस बाहेर किती आहे.”

“हो, आणि तू सांगायचीस चौदा!”

“चौदाच असायचे.”

“आत किती असायचे, बाई? आत?”

ओतीलियाने तापमापक कधी आत आणलेला नव्हता. “गार असायचं,” ती म्हणाली.

लुसिंदा उठली आणि कोट खिडकीशी धरून झटकायला लागली. झटकता झटकता बोलत होती, अर्धं पोर्तुगीजमध्ये, अर्धं फ्रेंचमध्ये. ओतीलियाला जे कळलं ते असं: तो मेला तो या घराच्या गोष्टी सांगत मेला. हॉस्पिटलात शेजारच्या खाटेवरच्या माणसाला सांगायचा, आमच्या घराला हीटरच नाही, लागतच नाही. आयुष्यभराची कमाई या भिंतींत घातली आणि तुला एकदा तोंड उघडता आलं नाही.

“सांगितलं असतं तर आली असतीस?” ओतीलियाने विचारलं.

लुसिंदा झटकायची थांबली. कोटाची घडी घालून ती म्हणाली, “अंडी उचल तिथून. खिडकी ओली आहे.”

त्या संध्याकाळपासून ती रस्ता ओलांडून ओतीलियाच्या घरी राहायला आली. ओतीलियाचं घर म्हणजे आईचंच, बुटकं, ग्रॅनाइटचं. त्यात ऊबदार खोली एकच, स्वयंपाकघर, कारण तिथे लोखंडी चूल आहे आणि ती नोव्हेंबर ते मार्च विझत नाही. बाकीच्या खोल्यांत फक्त झोपायला जायचं, तेही पळत. दोघी चुलीसमोर गुडघे लावून बसत. अर्नाल्दोचा कोट चुलीवरच्या दोरीवर वाळत होता आणि सूपमध्ये त्याच्या बाह्या पडू नयेत म्हणून ओतीलिया त्या रोज वर खोचून ठेवायची. झोपायला आईचाच पलंग होता, एकच.

“तुझे पाय अजून तसेच आहेत,” पहिल्या रात्री लुसिंदा कुरकुरली, “बर्फाच्या लाद्या. घे तिकडे.”

“तुझं घोरणं नवीन आहे.”

“फ्रेंच आहे ते.”

पाऊस पडत राहिला. ते दोन आठवडे ओतीलियाने बंद घरांच्या फेऱ्या भराभर उरकल्या. परत येताना तिला स्वतःच्या धुराड्यातून निघणारा धूर दिसे. घरात आपण नसताना चूल पेटती ठेवणारं कुणी तरी आहे, असं आई गेल्यापासून घडलं नव्हतं.

एकोणीस डिसेंबरला लुसिंदा नाताळसाठी मुलाकडे गेली. “नाताळ आणि नवं वर्ष,” ती म्हणाली. “नातवंडं वाट बघतायत.” तीनपैकी दोन बॅगा तिने नेल्या. कोट नेला. सपाता पलंगाखाली ठेवल्या. ओतीलियाने या सगळ्याची मनात बेरीज-वजाबाकी करून बघितली. उत्तर काही निघालं नाही. लुसिंदाने स्वतःच्या घराची किल्ली दारामागच्या खिळ्यावर परत अडकवली, बाकीच्या किल्ल्यांच्या रांगेत.

ती टॅक्सीत बसताना बेंतोने विचारलं, “एकेरी की परतीचं, बाई?”

“तू आधी गाडी सुरू कर,” लुसिंदा म्हणाली. अगदी ओतीलियासारखं.

जानेवारीचा पहिला रविवार गेला, दुसरा आला. दोन्हीकडून फोन झाले. नातवंडांचे दात, तिकडचा बर्फ, इकडच्या कोबीचं दुप्पट झालेलं पीक आणि ते खायला कुणी नाही याबद्दल. परत येण्याचा विषय दोघींपैकी कुणी काढला नाही. दुसऱ्या फोननंतर ओतीलियाने पकडीने खिडकीबाहेरचा तापमापक उपटला आणि रस्ता ओलांडून लुसिंदाच्या निजण्याच्या खोलीत, उत्तरेच्या भिंतीवर ठोकला. कपाट तिने भिंतीला परत लावलं नव्हतं. ब्लीचची बाटली जिन्याखाली होती, तिथेच राहू दिली.

तिसऱ्या रविवारी ती फोन घेऊन त्याच खोलीत जाऊन बसली, अंगात कोट आणि वरून शाल. लुसिंदाचा चेहरा पडद्यावर आला. तिच्या मागे रेडिएटरवर मुलांचे मोजे वाळत होते.

“किती आहे तिकडे?”

“अकरा.”

“अकरा? थंडी पडलीय की यंदा.”

“बाहेर नाही. बाहेर चौदाच असतील. आत अकरा.”

लुसिंदाने चष्मा लावला. “कुठे बसलीयस तू?”

“तुझ्या पलंगावर.”

“उठ, संधिवात होईल.” मग म्हणाली, “डाग?”

ओतीलियाने फोन भिंतीकडे वळवला. डाग आता छातीच्याही वर गेला होता. पलीकडे कार्टूनचा आवाज येत होता. लुसिंदा पडद्याजवळ सरकली.

“पुसला नाहीस.”

“नाही.”

“ऑगस्टपर्यंत असाच ठेवणार?”

“तू येशील तेव्हा बघशील. पुसायचं की नाही ते तू ठरव.”

लुसिंदा कुणाला तरी फ्रेंचमध्ये ओरडली, आवाज कमी करा म्हणून. मग फोन तोंडाजवळ आणून, हलक्या आवाजात, जणू खोलीतल्या कुणाला ऐकू जाऊ नये, तिने विचारलं, “त्या कोंबड्याच्या कोनाड्याला वर धुराडं काढता येईल का गं? बेंतोचा मेहुणा करतो ना असली कामं? नुसतं विचार हं. मी काही म्हणत नाहीये.”

“नुसतं विचारते.”

“आणि खिडक्या उघडतेस ना?”

“आज समुद्राचा वारा आहे.”

“मग उद्या.”

“उद्या,” ओतीलिया म्हणाली.

फोन बंद झाल्यावर तिने खाली जाऊन कोनाड्यातला कोंबडा उचलला आणि वर, जिथे धुराडं असायला हवं होतं तिथे, हात घालून चाचपलं. विटा गार होत्या. ओल्या नव्हत्या. कोंबडा तिने परत आत ठेवला नाही, जेवणाच्या टेबलावर ठेवला.

संध्याकाळी समुद्राचा आवाज उत्तरेला सरकला होता. उद्या सोमवार, वारा पूर्वेचा सांगितलाय. बेंतो साडेनऊला चर्चसमोर गाडी लावतो, मेहुण्याचं तिथेच विचारता येईल. लुसिंदाच्या खिडक्या दहाला उघडतील आणि तीनला मिटतील, कारण जानेवारीत साडेतीनला ऊन निलगिरीच्या झाडांमागे जातं.